व्हिएतनाममध्ये राहायचे तर गल्लीत

कोल्हापूर आणि इचलकरंजी परिसरात वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेतलेली मुले-मुली आता व्हिएतनामला नोकरीसाठी जाऊ लागली आहेत, आणि त्यांतली काही जण निघण्यापूर्वी माझ्याकडे चौकशीला येतात. पगार किती मागावा, व्हिसा कोण काढून देते, शाकाहारी माणसाचे तिथे कसे निभावते, असे त्यांचे प्रश्न असतात. राहायचे कुठे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, कारण बहुतेकांची ती सोय कंपनीने आधीच लावलेली असते. माझ्या मते मात्र त्या देशातले आपले सारे वास्तव्य याच एका निर्णयावर ठरते, आणि म्हणून बाकीच्या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी मी त्याच विषयाला हात घालते.

मी 2019 मध्ये हो चि मिन्ह सिटीला गेले. त्या शहराला तिथली माणसे बोलताना अजूनही सायगॉनच म्हणतात. नोकरी शेजारच्या बिन्ह डुओंगमधल्या एका सूतगिरणीत, प्रतवारी विभागात होती. व्हिएतनाममध्ये कापूस जवळजवळ पिकत नाही. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि भारत अशा देशांतून तो येतो, आणि तरीही सूत, कापड आणि तयार कपड्यांच्या निर्यातीत तो देश जगातल्या आघाडीच्या देशांत गणला जातो. त्यामुळे कार्डिंग (कापूस पिंजून साफ करणे) आणि रिंग फ्रेम (सूत कातण्याचे यंत्र) यांची जाण असलेल्या आपल्याकडच्या माणसाला तिथे किंमत आहे.

परदेशी माणसापुढे तिथे राहण्याचे साधारण तीन मार्ग असतात. युरोप-अमेरिकेतून आलेले बरेचसे लोक थाओ दिएन भागात राहतात, कोरियन, जपानी आणि सुस्थितीतली भारतीय कुटुंबे फू मी हुंगच्या रुंद रस्त्यांच्या, उंच इमारतींच्या वसाहतीत राहतात, आणि आपल्या मुलांसारखे तंत्रज्ञ औद्योगिक वसाहतीलगतच्या कंपनीच्या खोल्यांत. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: व्हिएतनामी शेजारी फारसा भेटत नाही. कंपनीच्या खोलीत राहणारा मुलगा सकाळी कामावर जातो, रात्री भारतीय स्वयंपाक्याच्या हातची डाळ खातो, रविवारी आपल्याच लोकांबरोबर पत्ते खेळतो आणि दोन-तीन वर्षांनी परत येतो, तेव्हा त्या देशाबद्दल त्याला सांगण्यासारखे काहीही नसते. त्यात त्या मुलांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पण हातात आलेली एवढी मोठी संधी अशी वाया गेलेली पाहून मला मनापासून वाईट वाटते.

चौथा मार्ग गल्लीचा. या गल्ल्यांना तिथे हेम म्हणतात, आणि सायगॉनचे खरे शहर मोठ्या रस्त्यांच्या पाठीमागे या हेमच्या जाळ्यातच वसलेले आहे. पत्ता 212/45/8 असा असतो. मुख्य रस्त्यावरच्या 212 क्रमांकापाशी आत शिरायचे, आत गेल्यावर 45 क्रमांकापाशी पुन्हा वळायचे, आणि त्या उपगल्लीतले 8 क्रमांकाचे घर शोधायचे. घराची रुंदी जेमतेम चार मीटर, आतली लांबी मात्र भरपूर आणि वर तीन-चार मजले. तळमजला रस्त्याच्या बाजूने पूर्ण उघडा असतो. दिवसा तिथे शिवणकाम, केस कापणे किंवा नूडल्स विकणे असा काहीतरी व्यवसाय चालतो आणि रात्री घरातल्या सगळ्या मोटारसायकली आत घेऊन लोखंडी शटर ओढले जाते. आमच्या मालकीणबाईंच्या दाराशी, अगदी जमिनीवर, धनदेवता आणि भूदेवता यांचा लाल रंगाचा लहान देव्हारा होता. त्यातल्या गुबगुबीत, हसऱ्या भूदेवतेपुढे त्या रोज सकाळी उदबत्तीबरोबर काळ्या कॉफीचा छोटा पेला ठेवत, आणि देवाचा पेला भरल्याशिवाय घरातल्या कोणाच्याही कॉफीला हात लावत नसत.

गल्लीत राहण्याचे तोटेही मी मुलांना सांगते. संध्याकाळी कोणीतरी ध्वनिवर्धक दारात आणून गाणी म्हणू लागते आणि ते रात्री उशिरापर्यंत चालते. पावसाळ्यात, त्यातही भरतीची वेळ आली की, गटाराचे पाणी घोट्यापर्यंत चढते. खोलीला बहुधा एकच खिडकी असते, आणि तीही समोरच्या घराच्या भिंतीकडे उघडते. हे सहन होणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

पण सहन झाले तर जे मिळते ते मोलाचे असते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई बान्ह खॉट करायची. तांदळाचे पीठ हळद आणि नारळाचे दूध घालून कालवायचे आणि खळग्यांच्या बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून शिजवायचे. दिसायला ते थेट आपल्या आप्प्यांसारखे. वर कोळंबी असते, पण मी कोळंबी खात नाही हे दोन-तीन फेऱ्यांनंतर तिच्या ध्यानात आले आणि मला पाहताच ती चार खळगे मुगाची डाळ घालून वेगळे लावू लागली. शाकाहारी माणसाला व्हिएतनाममध्ये मुख्य अडचण मांसाची नसून नुओक माम या माशांच्या सॉसची असते, कारण भाजी दिसायला निव्वळ हिरवी असली तरी तिच्यात तो पडलेला असतोच. त्यावरचा उपाय म्हणजे पाटीवर ‘चाय’ लिहिलेली खानावळ शोधायची. चाय म्हणजे बौद्ध परंपरेचे शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला अनेक व्हिएतनामी घरे मांसमच्छी वर्ज्य करतात, आणि त्या दोन दिवशी अशा खानावळींत पाय ठेवायला जागा नसते. भाताबरोबर तिथे भाजलेले तीळ, शेंगदाणे आणि मीठ एकत्र कुटून देतात. घरची शेंगदाण्याची चटणी संपली की मी त्यावरच दिवस काढत असे.

गल्लीचा खरा अर्थ मला 2021 मध्ये कळला. त्याआधीचे, म्हणजे कोरोनाचे पहिले वर्ष व्हिएतनामने फार चांगले सांभाळले होते. मार्च 2020 मध्येच सीमा बंद झाल्या होत्या आणि आतले जीवन बऱ्यापैकी सुरळीत होते. त्यामुळे आमच्यासारख्यांना घरी येता येत नव्हते, पण भीतीही नव्हती. नंतर मात्र कोरोनाच्या डेल्टा विषाणूने सायगॉनला गाठले. 9 जुलैपासून शहरात कडक निर्बंध आले. ज्या कारखान्यांना काम चालू ठेवायचे होते त्यांनी कामगारांचे काम, जेवण आणि झोप या तिन्ही गोष्टी कारखान्याच्या आवारातच कराव्यात असा नियम झाला, आणि आमच्या गिरणीत यंत्रांशेजारच्या गोदामात तंबू उभे राहिले. माझे काम थांबले होते, म्हणून मी खोलीवरच राहिले. गल्लीच्या तोंडाशी दोरी आणि जुनी टेबले आडवी लावून रस्ता बंद करण्यात आला. बाजारात जाण्यासाठी वॉर्डाकडून प्रत्येक घराला कुपन मिळे, तेही ठरावीक दिवसांचे. 23 ऑगस्टपासून तर तेही बंद झाले, घराबाहेर पाऊल टाकायचे नाही असा हुकूम निघाला आणि सैनिक घरोघरी शिधा पोचवू लागले.

व्हिएतनामच्या कायद्यानुसार परदेशी माणूस घरात मुक्कामाला आला की घरमालकाने बारा तासांच्या आत त्याची नोंद स्थानिक पोलिसांकडे करायची असते. बहुतेक परदेशी लोक या नोंदीला एक कटकट समजतात. आमच्या मालकीणबाईंनी ती नोंद पहिल्याच दिवशी केली होती आणि मुदत वाढली की त्या आठवणीने पुन्हा करत होत्या. कुपनांची, शिध्याची आणि पुढे लसीची यादी वॉर्डाने तयार केली ती याच नोंदींच्या आधारे, आणि त्या यादीत त्यांच्या घरातल्या माणसांबरोबर माझे नाव होते. तरीही एकदा शिधा वाटणाऱ्या तरुणाने घरातली माणसे मोजताना मला वगळले, तेव्हा बाईंनी त्याला दारातच थांबवून, वर एक मुलगी राहते आणि तीही याच घरातली आहे, असे ठणकावून सांगितले. माझ्या वाटणीचा तांदूळ, लाल भोपळा आणि मोहरीच्या पाल्याची जुडी घेतल्याशिवाय त्यांनी त्याला पुढे जाऊ दिले नाही.

त्याच जुलैत इकडे पंचगंगेला महापूर आला. आमचे घर शुक्रवार पेठेत आहे. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे कोल्हापूरच्या प्रत्येक माणसाला पाठ असतात. पाणी त्या दोन्हींच्या वर चढत गेले आणि मी परक्या देशातल्या बंद खोलीत बसून फोनवर ते पाहत होते. आई-बाबांना काकांच्या घरी राजारामपुरीत हलवले आहे एवढेच कळले होते, आणि महामार्गही शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. खाली उतरले की गल्लीतली माणसे आपापल्या दारातून मला हातानेच विचारत: पाणी कुठवर आले? मी हाताने दाखवत असे. भाषा माझी अजून मोडकीतोडकीच होती, आणि त्यांच्याही घरांत त्या दिवसांत आजारपण होते. आमच्या मागच्या उपगल्लीतले एक आजोबा त्याच महिन्यात गेले. अशा काळात त्यांनी माझ्या गावच्या नदीची चौकशी केली, ही गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. उंच इमारतीच्या अठराव्या मजल्यावर मी सुरक्षित राहिले असते, पण पंचगंगेचे पाणी उतरल्याचे तिथे मी कोणाला सांगितले असते?

भारतीयांची सोबत नको, असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्या शहरात आपल्या लोकांचा वावर फार जुना आहे. त्रुओंग दिन्ह रस्त्यावरचे मारियम्मनचे मंदिर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ व्यापाऱ्यांनी उभारले, आणि दोंग दू रस्त्यावरची मशीद 1935 मध्ये दक्षिण भारतीय मुसलमानांनी बांधली. फ्रेंच अमलात पाँडिचेरी आणि सायगॉन यांचा एकमेकांशी संबंध होता, त्या वाटेने हे लोक तिथे गेले. 1975 मध्ये युद्ध संपून सायगॉनची राजवट बदलल्यानंतर त्यांतले बहुसंख्य निघून गेले. मंदिर मात्र ओस पडले नाही. आज तिथे उदबत्ती लावणारे बहुतेक भक्त व्हिएतनामी आणि चिनी वंशाचे आहेत, आणि देवीच्या गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून ते आपले मागणे मागतात. परदेशात रुजणे कशाला म्हणावे ते मला त्या भिंतीपाशी उमगले.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहिते. पर्यटनासाठी 90 दिवसांचा ई-व्हिसा ऑगस्ट 2023 पासून मिळतो, पण त्यावर नोकरी करायची नसते. कोणी तसे सुचवले तर सरळ नकार द्यावा. कामाचा परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, आणि त्यासाठी पदवीच्या प्रमाणपत्राचे प्रमाणीकरण आणि पोलीस दाखला या दोन गोष्टी भारतातूनच करून न्याव्यात, कारण तिथून त्या करणे फार जिकिरीचे होते. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तिथे चालत नाही. आपला परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसार असतो आणि व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे चालतो. म्हणून स्थानिक परवाना हाती येईपर्यंत मोटारसायकलला हात लावू नये, आणि परवाना मिळाल्यावरही दारू पिऊन कदापि चालवू नये, कारण तिथे रक्तात मद्याचा अंशही चालत नाही. नोटांच्या बाबतीत, 20 हजार आणि 5 लाख डाँगच्या नोटा दोन्ही निळसर असल्यामुळे घाईत अदलाबदल होते, तेव्हा त्या पाकिटात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात.

“ताई, कंपनीची खोली फुकट आहे, मग गल्लीत भाडं कशाला भरायचं?” असे मागच्या महिन्यात आलेल्या एका मुलाने मला विचारले. मी त्याला सांगितले की पहिले दोन-तीन महिने कंपनीच्या खोलीतच राहावे, त्या काळात भाषेची शिकवणी लावावी, आकडे आणि भाज्यांची नावे पक्की करावीत, आणि मग गल्ली शोधावी. शोधताना एक लक्षात ठेवावे लागते. 1 जुलै 2025 पासून बिन्ह डुओंग हा प्रांत हो चि मिन्ह सिटीत विलीन झाला आणि शहरातले जिल्हेही रद्द झाले, त्यामुळे भाडेकरारावरचा पत्ता नव्या वॉर्डाच्या नावाने असतो, तर माणसे बोलताना जुन्या जिल्ह्याचा क्रमांकच सांगतात. दोन्ही पत्ते लिहून घ्यावेत. वीज घरमालकाच्या मीटरवरून मिळत असेल तर युनिटचा दर आधी ठरवावा. पोलिसांकडे नोंद करायला मालक तयार नसेल, तर खोली कितीही चांगली असली तरी घेऊ नये.

आणि जाण्याची तारीख आपल्या हातात असेल तर तेतच्या आधीचा पंधरवडा टाळावा. तेत म्हणजे त्यांचे चांद्र नववर्ष. 2027 मध्ये ते 6 फेब्रुवारीला आहे. त्या सुमारास गिरण्या आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ बंद असतात, कामगार आपापल्या गावी जातात, खानावळींना कुलपे लागतात आणि खोली दाखवायलाही कोणी भेटत नाही. पौर्णिमेच्या सुमारास गल्ली पुन्हा भरते. तेव्हा जावे.