एकोणपन्नासला अडलेला सातचा पाढा

मुलगी तिसरीत आहे. बे ते पाचचे पाढे सहज झाले, सहाचाही आठवड्याभरात. सातला गाडी जी अडली, ती तीन आठवडे हलली नाही.

तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, ‘सात साते?’ ही म्हणाली, ‘एकोणचाळीस.’ वहीत लाल शाईने शेरा आला : पाढे पाठ नाहीत, सातचा पाढा वीस वेळा लिहिणे. लिहून झाला. दिवेलागणीला परवचा म्हणूनही झाला. मी चिडले, ती रडली. पुन्हा विचारलं की एकोणचाळीसच!

एकदा पोळ्या लाटताना मी म्हटलं, ‘बोलू नकोस, पाटीवर लिही.’ तिने लिहिलं 49. लाटणं हातातच राहिलं माझ्या. गुणाकार तिला येत होता, अडत होतं ते संख्येचं नाव. आकडा चारने सुरू होतो, म्हणजे नावात चाळीस असणारच, असा तिचा हिशोब. त्यात तिचं काय चुकलं? बेचाळीस, अठ्ठेचाळीस, सगळ्यांत चाळीस आहेच की! शाळेत एकदा लिहून घेतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. याचा राग मला अजून आहे.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीससाठी ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आज त्यामागची अडचण घरातच दिसली.

मग जमिनीवर दहाच्या पाच नोटा मांडल्या. एक उचलून तिथे रुपयाची दहा नाणी ठेवली आणि त्यातलं एक तिच्या हातात दिलं. ‘पन्नासला एक उणा, एकोणपन्नास.’ एकोणतीस, एकोणसाठ तिने आपणहून करून पाहिले. नव्व्याण्णव तेवढा या चालीत बसत नाही, तो वेगळा सांगावा लागतो.

हे खरं तर आधी करायचं : ताटात चिंचोक्यांच्या सहा ओळी, प्रत्येकीत सात. ताट फिरवलं की सात ओळी, प्रत्येकीत सहा. सहापर्यंतचे पाढे आले की सातमध्ये नवं उरतं ते सात साते, सात आठे, सात नव्वे. दहाचं तर मुलांना येतंच. आणि पाढा मधूनच विचारा, नाहीतर प्रत्येक वेळी मूल ‘सात एके’पासून चढत येतं.

परवा बाईंनी पुन्हा विचारलं. क्षणभर थांबून ती बरोबर बोलली. वहीतला लाल शेरा अजून तसाच आहे. पालकसभेत मी तो खोडून मागणार आहे.