हातानं रंगवलेलं जुनं पोर्सिलेन कसं पारखायचं

ताटली हातात आली की आधी मागचा शिक्का बघायचा मोह होतो, पण खरी पारख दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगानंच होते. भिंग चित्रातल्या फुलाच्या पाकळीवर धरा. एकसारखे बारीक ठिपके दिसले तर चित्र छापील आहे. हातकामात कुंचल्याचा फटकारा दिसतो: सुरुवातीला रंग दाट, शेवटाला विरळ. बोट फिरवलं की किंचित उंचवटाही लागतो. फसायला होतं ते मधल्या प्रकारात, म्हणजे बाह्यरेषा छापील आणि आतला रंग तेवढा हातानं भरलेला. असा नग पूर्ण हातकामाच्या भावानं घेऊ नये.

मग ताटली बोटांवर तोलून कडेला हलकी टिचकी मारा. बद्द आवाज आला तर बहुधा तडा किंवा डागडुजी.

‘निप्पॉन’ हा शिक्का साधारण १८९१ ते १९२१ मधल्या जपानी निर्यातीचा. नकली शिक्केही भरपूर, म्हणून एकट्या शिक्क्यावर भिस्त नको.

हातानं भरलेले रंग बहुतेकदा झिलईच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराच्या वर, साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजलेले असतात, त्यामुळे ते घासले जातात. डिशवॉशर नकोच. प्लास्टिकच्या टबात तळाशी टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबण, एका वेळी एकच नग. रचताना प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये फेल्टची चकती ठेवा, आणि कप कानाला धरून टांगू नका. कान जोडावरच निखळतो.