झेडच्या ओळीत काय होतं

परवा सोसायटीच्या मीटिंगला नवीन राहायला आलेल्या एकांनी विचारलं, काका रिटायर कुठून झालात, काय काम करायचात. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन. ते म्हणाले, अच्छा, गेम्स! आता ह्यावर काय बोलणार. बायको बाजूला बसून हसत होती.

तर गेम्स नाही हो. एक डबा घ्यायचा, खरा नाही, आकड्यांचा. त्यात काहीशे नाहीतर काही लाख अणू सोडायचे, प्रत्येकाला आजूबाजूचे किती ओढतात-ढकलतात ते काढायचं, न्यूटनच्या नियमाने सगळ्यांना एवढंसं पुढे सरकवायचं, आणि परत तेच. एवढंसं म्हणजे एका सेकंदाचे शंभर लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक. असं लाखो वेळा केलं की डब्यातलं द्रव वाहायला लागतं, थंड केलं की गोठतं, आणि गोठायचं कसं हे प्रोग्राममध्ये कुठेच लिहिलेलं नसतं! एकट्या अणूला गोठणं काय माहीतच नसतं. मी ह्या एका गोष्टीवर तीस वर्षं काढली.

हे काम ज्यांनी उभं केलं त्यात आपला एक माणूस आहे, मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान. १९६४ साली त्यांनी अमेरिकेत आर्गॉनचे ८६४ अणू असे कॉम्प्युटरवर हलवून दाखवले (लॅबचं नावही आर्गॉन, स्पेलिंग तेवढं वेगळं). मशीन होतं सीडीसी ३६००. आणि त्याच वर्षी त्याच मॉडेलचं मशीन आपल्या कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत) आलं, हे मला नोकरीला लागल्यावर एका सिनियरने सांगितलं तेव्हा उगाचच छाती फुगली होती.

मी लागलो १९८७ ला. एक रन लावायचा, चार दिवस क्यूमध्ये नंबर यायची वाट बघायची, आणि मग आउटपुट म्हणजे दोन्ही कडेला भोकं असलेला लांबलचक घडीचा कागद. तो मी डोंबिवलीच्या लोकलमध्ये मांडीवर पसरून वाचायचो, चौथ्या सीटवर अर्धा लटकत. ग्रुपमधले विचारायचे, काय साहेब, कुठला शेअर घेऊ?

एकदा त्यात मला शोध लागला. म्हणजे मला तसं वाटलं. द्रव डब्यात सारखं पसरलेलं असायला हवं, तर माझ्या डब्यात ते मध्ये दाट आणि वर-खाली विरळ होत होतं. मी ग्राफ काढला, सेमिनारमध्ये दाखवला, सगळे म्हणाले इंटरेस्टिंग आहे. दोन महिने मी हवेत. मग एका सकाळी ठाण्याच्या आसपास गाडी सिग्नलला उभी होती, आणि कागदावर एक्स, वाय, झेड (म्हणजे लांबी, रुंदी, उंची) असे तीन कॉलम शेजारी-शेजारी बघताना डोक्यात आलं, अरे, विरळ फक्त झेडलाच का? माझ्या डब्यात गुरुत्वाकर्षण नाही, वर-खाली असं काही नाहीच, मग निसर्गाला झेडचं एवढं काय कौतुक?

ऑफिसला पोचून चहा न घेता कोड उघडला. आमच्या डब्याला भिंती नसतात, उजवीकडून बाहेर गेलेला अणू डावीकडून आत येतो, आणि उजव्या टोकाच्या अणूला डाव्या टोकाचा अणू शेजारी म्हणून दिसला पाहिजे. त्यासाठी फोरट्रानमध्ये (आमची प्रोग्राम लिहायची भाषा) तीन ओळी होत्या, तीन दिशांच्या. दोन ओळींत निंट (NINT) होतं, जे जवळचा पूर्णांक घेतं. झेडच्या ओळीत इंट (INT), जे दशांशाच्या पुढचं नुसतं कापून टाकतं. एक एन राहिला होता. त्यामुळे झेडला टोकाच्या अणूंना पलीकडचा शेजारीच दिसत नव्हता आणि ते बिचारे मध्ये गोळा होत होते. डब्यातली एकूण एनर्जी कायम राहायला हवी, त्यातली गडबड मला आधीच दिसायला हवी होती, पण तापमान स्थिर राहावं म्हणून मी दर थोड्या वेळाने अणूंचे वेग हाताने सारखे करत होतो, त्यात सगळं झाकलं गेलं. म्हणजे चोर मीच आणि पुरावाही मीच पुसतोय. पुढच्या सेमिनारला उभं राहून सांगितलं. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

मग १९९१ ला पुण्यात सी-डॅक ह्या सरकारी संस्थेचं परम ८००० हे सुपरकॉम्प्युटर आलं आणि समांतर गणिताचे दिवस सुरू झाले. डब्याचे तुकडे करून प्रत्येक प्रोसेसरला एक द्यायचा, चाळीतल्या खोल्यांसारखा. प्रत्येकाचा संसार आपापला, पण शेजारच्या खोलीत काय चाललंय ते प्रत्येक पावलाला विचारून यायचं. अर्धा वेळ त्या विचारपुशीतच जातो, काम राहतं बाजूला.

डबा केवढा आखायचा हा प्रश्न काही अणूंपुरता नसतो. २६ जुलै २००५ ला आम्ही दक्षिण मुंबईत ऑफिसमध्ये वडापाव खात विचार करत होतो की एवढ्याशा पावसाला गाड्या का बंद. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३. मध्ये अंतर पंचवीस किलोमीटरही नाही. आता हवामानाच्या मॉडेलमध्ये एका चौकोनाला पावसाचा एकच आकडा असतो, तो चौकोन मुंबईपेक्षा मोठा घेतलात तर त्यात माझी ऑफिसची खिडकीही नाही आणि सांताक्रूझचं बुडलेलं घरही नाही. मी त्या रात्री ऑफिसमधल्या टेबलावर झोपलो.

कोविडमध्ये बंगळुरूच्या आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) आणि टीआयएफआरच्या लोकांनी मुंबईची जवळजवळ १.२४ कोटी काल्पनिक माणसं कॉम्प्युटरमध्ये बसवली. घर, ऑफिस, शाळा आणि हो, लोकलसुद्धा! मी तेव्हा घरी बसलेलो, नुसतं वाचत होतो, पण झोपडपट्टी वेगळी धरलीय हे बघून बरं वाटलं. जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत रक्त तपासलं तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटीबॉडी निघाल्या, बाहेर १६ टक्के. हे एका डब्यात घातलं असतं तर जो आकडा आला असता तो ह्यातल्या कुठल्याच घराचा नसता.

हल्ली लॅपटॉपवर ते ८६४ अणू मी हौसेने चालवतो, चहा होईपर्यंत रन संपतो. गेल्या रविवारी नात बाजूला बसून ठिपके बघत होती. म्हणाली, आजोबा हा इकडून बाहेर गेला आणि तिकडून आत आला, ही चीटिंग आहे. मी म्हटलं आहेच, पण वरून गेलेला खालून येतोय का ते आधी बघ.