नांदूरमध्यमेश्वर: शटर ठरवायचं ते पंख बघून

नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर उडत्या पक्ष्यांचे फोटो काढायला नाशिकहून निफाडमार्गे चापडगावला पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. निफाडच्या थंडीत बोटं वळत नाहीत, म्हणून कॅमेरा गाडीतच तयार केला होता: मॅन्युअल मोड, एफ ५.६ (लेन्सचं छिद्र), ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), कंटिन्युअस फोकस, बर्स्ट (सलग फोटो). हलवायचं राहिलं ते फक्त शटर, म्हणजे एका फोटोला किती वेळ उजेड द्यायचा ते.

गोदावरी-कादवा संगमाजवळ बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि हे उथळ पाणथळ घडलं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हेच. उथळ पाणी, भरपूर पाणवनस्पती, त्यामुळे हिवाळ्यात पक्षीही भरपूर.

मनोऱ्यावरून पहिला दिसला तो दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी. गवतावरून खालून खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून तरंगत येतो. त्याची सावली जवळ येताच विखुरलेले वारकरी (काळे पाणपक्षी) एकमेकांना खेटून काळा गठ्ठा झाले. मोठा पक्षी, संथ पंख. भोवत्याला १/१६०० सेकंद पुरतं.

खरा कस लागतो कवड्या खंड्याच्या वेळी. पाण्यावर एका जागी थबकतो, मान खाली, डोकं अगदी स्थिर. फ्रेममध्ये धरायला सोपा, म्हणून शटरचा वेग उतरवायचा मोह होतो. पण जागा सोडत नसला तरी त्याचे पंख भोवत्यापेक्षा कितीतरी वेगानं हलतात. तिथे मी १/३२०० च्या खाली येत नाही. पक्षी किती जोरात पुढे जातोय यापेक्षा पंख किती भरभर हलतायत ते पाहावं, आणि पक्षी जितका लहान तितका शटरचा वेग वाढवावा, हे माझं ठाम मत.

शटरचा वेग दुप्पट केला की आयएसओही दुप्पट होतो. कोवळ्या उजेडात तो ६४०० वर गेला, नॉइज (फोटोत दाणे) आला. येऊ दे! नॉइज घरी कमी करता येतो, हललेला डोळा नाही.

उजळ आभाळावर काळा शराटी आला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करणं) अधिक एक. गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर उणे, नाहीतर पिसं पांढरीफटक पडतात.

ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग १/४००० लावलं तरी लांबचा पक्षी धूसरच येतो. अशा वेळी लेन्स बॅगेत टाकून दुर्बीण काढावी. चक्रवाकांची जोडी आम्ही तशीच, निवांत पाहिली.