विवाहपटाच्या स्पर्धेसाठी प्रवेशिका पाठवताना : माझा अनुभव

गेली आठ वर्षे मी नाशिकमध्ये लग्नांचे चित्रीकरण आणि संकलन करते. गंगापूर रोडवरील एका गाळ्यात आमचा स्टुडिओ आहे आणि त्यात मी, माझा धाकटा भाऊ आणि हंगामात मदतीला येणारे दोन शूटर एवढेच आहोत. गेल्या वर्षी विवाहपटांच्या एका राष्ट्रीय स्पर्धेत मी पहिल्यांदा प्रवेशिका पाठवली. ती पाठवण्यास बावीस दिवस लागले. त्यांतले चार दिवस संकलनाच्या टेबलावर गेले आणि उरलेले अठरा नियमावलीने मागितलेले कागद जमवण्यात गेले. या क्षेत्रातील इतरांना ही वाट आधी ठाऊक असावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी पहिली चूक वाचनाच्या क्रमात झाली. मी आधी पुरस्कारांचे विभाग वाचले, त्यांपैकी कोणता आपल्याला मिळू शकेल याचा विचार करत बसले आणि पात्रतेच्या अटी सर्वांत शेवटी उघडल्या. त्यांतली पहिलीच अट अशी होती की, लग्न मागील वर्षाच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात झालेले असावे; चित्रपट ग्राहकाच्या हाती कधी दिला, याला महत्त्व नाही. जो चित्रपट पाठवायचा असे मी मनाशी धरले होते, तो त्या मागील वर्षाच्या एप्रिलमध्ये पूर्ण झाला होता, परंतु ते लग्न त्याआधीच्या डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यातले होते. तो बाजूला ठेवावा लागला. मग दिंडोरी रस्त्यालगतच्या एका द्राक्षबागेत, घरच्या अंगणात मांडव घालून झालेल्या लग्नाचा एकवीस मिनिटांचा चित्रपट मी निवडला.

विभागांची रचना समजून घेण्यास मला वेळ लागला, कारण आम्ही ग्राहकांशी बोलताना जे शब्द सैलपणे वापरतो त्यांना तेथे नेमके अर्थ होते. टीझर म्हणजे नव्वद सेकंदांच्या आतला, हायलाइट म्हणजे तीन ते आठ मिनिटांचा आणि माहितीपट म्हणजे तीस मिनिटांपर्यंतचा. त्याच दिवशी संकलित करून पाहुण्यांना दाखवलेल्या चित्रपटासाठी स्वतंत्र विभाग होता आणि तो खरोखर त्याच दिवशी दाखवला गेला, याचा पुरावा जोडणे आवश्यक होते. आपल्याकडे मुहूर्त सकाळचा, दुपारी पंगती आणि संध्याकाळच्या आत पाठवणी असा क्रम असेल, तर संकलनाला वेळच उरत नाही. रात्री स्वागतसमारंभ असणाऱ्या लॉन्सवरच्या लग्नांतच हा प्रकार जमतो. प्री-वेडिंगचा विभाग मी लगेच सोडून दिला. आमचे बरेचसे तसे चित्रीकरण पांडवलेणी परिसरात झालेले आहे, आणि ती लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्यामुळे तेथील व्यावसायिक चित्रीकरणाची लेखी परवानगी दाखवावी लागली असती. तशी परवानगी आम्ही कधी काढली नव्हती. ती काढायला हवी होती, हे मी येथे स्पष्टपणे नोंदवते.

माझा चित्रपट लांबीमुळे आपोआप माहितीपटाच्या विभागात जात होता. त्या विभागाची एक अट मात्र मी दोनदा वाचली : कॅमेऱ्यासाठी मुद्दाम घडवून आणलेले काहीही त्यात असू नये. मी संपूर्ण टाइमलाइन पुन्हा पाहिली आणि एका ठिकाणी थांबले. सकाळी शालूची पेटी उघडताना नवरी मुलीच्या आईचे डोळे भरून आले होते, पण त्या क्षणी आमचा फोकस चुकला होता. म्हणून मी त्यांना पेटी पुन्हा बंद करून उघडायला सांगितले होते, आणि चित्रपटात तो दुसरा प्रसंग होता. तो अतिशय सुंदर दिसत होता. परीक्षकांना त्यातले काही कळलेही नसते, हे मला ठाऊक होते. मी तो काढला आणि त्या जागी पहिला, किंचित धूसर प्रसंग ठेवला. आजही मला तोच अधिक खरा वाटतो.

सर्वांत कठीण भाग संगीताचा होता. मूळ चित्रपटात पाठवणीच्या प्रसंगावर आम्ही एक लोकप्रिय हिंदी चित्रपटगीत लावले होते, जसे जवळजवळ सगळेच लावतात. नियमावलीनुसार प्रत्येक गीताचा आणि पार्श्वसंगीताचा परवाना जोडणे बंधनकारक होते. लग्नात गाणी वाजवायला परवाना लागत नाही, असे आमच्या व्यवसायात सर्रास सांगितले जाते आणि ते अर्धे खरे आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातील सादरीकरणाला सूट आहे, त्यात वरात आणि विवाहाशी संबंधित इतर सोहळेही येतात, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्टही केले होते. परंतु ही सूट मांडवात गाणे वाजवण्यापुरती आहे. तेच ध्वनिमुद्रण चित्रपटाला जोडून त्याच्या प्रती करणे ही वेगळी गोष्ट असून त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि गीत-संगीताच्या हक्कधारकांची अशी दुहेरी परवानगी लागते. आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओला ती परवडणारी नव्हती, म्हणून ते गाणे काढून टाकण्याखेरीज पर्याय नव्हता.

गाणे काढल्यावर पाठवणीचा प्रसंग मुका झाला. दोन दिवस मी परवाना विकत घेऊन वापरता येणारे तयार संगीत ऐकत बसले, पण त्यातले काहीही त्या अंगणात शोभत नव्हते. शेवटी आम्ही हळदीच्या दिवशीचे ध्वनिमुद्रण पुन्हा काढले. नवरीच्या आत्याबाईंनी घाणा भरताना जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या आणि त्यांच्या पदराला लावलेल्या छोट्या माइकवर त्या स्वच्छ आल्या होत्या. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज आणि मध्येच श्वास घेण्यासाठी घेतलेला विराम, हे सगळे त्यात होते. त्या ओव्या आम्ही पाठवणीवर ठेवल्या आणि प्रसंगाला पुन्हा जीव आला.

ओव्या परंपरागत असल्यामुळे प्रश्न मिटला, असे मला वाटले होते. तो मिटला नव्हता, कारण रचना कोणाच्याही मालकीची नसली तरी गाणाऱ्या व्यक्तीला तिच्या सादरीकरणावर कायद्याने स्वतंत्र हक्क असतो आणि नियमावलीत सादरकर्त्यांच्या संमतीचा रकाना वेगळा होता. आत्याबाईंची सही घेतली, सनई-चौघडा वाजवणाऱ्या दोघांची घेतली, आणि मग भावाने विचारले, “ताई, मंगलाष्टकांचे काय?” ती नवरीच्या मामांनी या लग्नासाठी स्वतः रचली होती, दोन्ही घरांतील मंडळींची नावे शार्दूलविक्रीडित वृत्तात गुंफलेली होती. म्हणजे ते त्यांचे स्वतंत्र काव्य होते आणि त्यावर त्यांचाच कॉपीराइट होता. फोनवर मी हे सांगितल्यावर मामा क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले की, पंचवीस वर्षांत त्यांनी नातलगांच्या कितीतरी लग्नांसाठी मंगलाष्टके लिहून दिली, पण ती वापरू का, असे आजवर कोणी विचारले नव्हते. त्यांचे संमतिपत्र दुसऱ्याच दिवशी आले आणि त्यासोबत आठही कडवी स्वच्छ अक्षरांत लिहून आली.

यानंतर प्रश्न उभा राहिला तो चित्रपटाच्या मालकीचा. प्रवेशिका पाठवणारी व्यक्ती हक्कधारक असावी किंवा तिच्याकडे हक्कधारकाची लेखी संमती असावी, असे नियमावलीत होते. चित्रीकरण मी केले, संकलन मी केले, तेव्हा हक्क माझाच, असे मी आठ वर्षे गृहीत धरले होते. कायद्याच्या कलम १७ मध्ये मात्र असे आहे की, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले किंवा चित्रपट तयार केला असेल, तर वेगळा करार नसताना त्याचा पहिला मालक तो सांगणाराच असतो. आमच्याकडे करार नव्हता. होती ती केवळ आगाऊ रकमेची पावती, आणि ती नवरीच्या वडिलांच्या नावे होती. त्यामुळे वधूवरांची संमती पुरेशी नव्हती.

मी संमतिपत्राचा मसुदा घेऊन नवरीच्या वडिलांच्या, म्हणजे काकांच्या, पंचवटीतील घरी गेले. काकांनी तो चष्मा लावून सावकाश वाचला. प्रसिद्धीसाठी आयोजकांना चित्रपट जगभर, कायमस्वरूपी वापरता येईल, या कलमावर त्यांनी बोट ठेवले आणि म्हणाले, “बाळा, चित्रपट तू खुशाल पाठव. पण माझी आई रडते आहे, तो भाग जाहिरातीत फिरलेला मला चालणार नाही.” त्यांचे म्हणणे पूर्णपणे रास्त होते. मी आयोजकांना पत्र पाठवून विचारले, आणि तीन दिवसांनी उत्तर आले की प्रसिद्धीसाठी साठ सेकंदांपर्यंतचाच अंश वापरला जाईल आणि वगळावयाचे प्रसंग आम्ही वेळ नमूद करून कळवू शकतो. आजींचा प्रसंग आम्ही त्याप्रमाणे कळवला. त्यानंतर काकांनी, नवरीने आणि नवरदेवाने सह्या केल्या. असे विचारता येते, हे मला आधी माहीतच नव्हते. नियमावली छापील असली म्हणजे ती जशीच्या तशी मान्य करायची, असे मी समजत आले होते.

ड्रोनचे प्रकरण थोडक्यात सांगते. बागेवरून घेतलेली चार दृश्ये भाड्याने आणलेल्या ड्रोनची होती. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी चालक प्रमाणपत्र लागत नाही, पण त्याहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा असेल तर ते लागते. त्या चालकाकडे ड्रोनचा नोंदणी क्रमांक होता, प्रमाणपत्र नव्हते. चारही दृश्ये काढली. नाशिकमध्ये काम करणाऱ्यांनी याबाबत अधिक दक्ष राहायला हवे, कारण एका बाजूला ओझरचे विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला देवळालीचा लष्करी परिसर असल्यामुळे उड्डाणाआधी ड्रोन कोठे उडवता येतो हे दाखवणारा, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहणे अपरिहार्य आहे.

तांत्रिक अटी सोप्या होत्या. परीक्षकांना स्टुडिओ ओळखता येऊ नये म्हणून आरंभीचे बोधचिन्ह आणि शेवटची नामावली काढायची होती, आणि फाइलच्या नावात फक्त प्रवेशिका क्रमांक ठेवायचा होता. इंग्रजी उपशीर्षकांनी मात्र माझी परीक्षा पाहिली. गौरीहार, अंतरपाट, सूनमुख या शब्दांना प्रतिशब्द शोधत मी एक पूर्ण संध्याकाळ घालवली आणि अखेर ते शब्द तसेच ठेवले. अंतरपाट दूर होताना काय घडते ते पडद्यावर दिसतच असते. ओव्यांचा अर्थ आत्याबाईंना विचारून लिहिला. एका ओळीत मी सासर समजले होते तेथे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माहेर अभिप्रेत होते, आणि त्या एका शब्दाने सगळी ओवी बदलली. एकोणीस मिनिटांचा, सुमारे बारा जीबीचा चित्रपट मुदतीच्या आदल्या रात्री अपलोड झाला. ध्वनीच्या विभागातही तोच चित्रपट पाठवण्याची मुभा होती, म्हणून दुसरे शुल्क भरून तेथेही अर्ज केला.

तीन महिन्यांनी निकाल लागला. माहितीपटाच्या विभागात आमचा चित्रपट अंतिम यादीत आला, पुरस्कार मिळाला नाही. परीक्षकांच्या शेऱ्यांत दोघांनी पाठवणीच्या प्रसंगातील आवाजाचा उल्लेख केला होता. तो शेरा मी आत्याबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

आता ऑर्डर घेताना आम्ही दोन पानांचा करार करतो. चित्रपटाची मालकी कोणाकडे राहील, स्पर्धेसाठी पाठवण्याची मुभा आहे का, कोणते प्रसंग बाहेर दाखवू नयेत आणि कोणते संगीत वापरायचे, हे त्यात लग्नाआधीच लिहिले जाते. मंगलाष्टके कोण रचणार आहे, हाही प्रश्न त्यात आहे. मागच्या महिन्यात सिन्नरच्या एका कुटुंबाने त्या रकान्यात नवरदेवाच्या आजीचे नाव लिहिले. त्यांच्या संमतिपत्रावर सही घेण्यासाठी मी येत्या रविवारी सिन्नरला जात आहे.