बेलिफ खरंच माणूस घेऊन आला तो दिवस

पैशाच्या वसुलीसाठी निघालेल्या दिवाणी वॉरंटवर माणूस पकडून कोर्टात आणलाय असं आमच्याकडे फार क्वचित दिसतं. वॉरंट निघतं, बेलिफ, म्हणजे वॉरंट बजावणारा कोर्टाचा माणूस, जातो, मिळून आला नाही असा रिपोर्ट येतो आणि पुढची तारीख पडते. शिवाय माणूस आत टाकायचा तर त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता पैसे मागणाऱ्यानेच कोर्टात आधी भरायचा असतो, त्यामुळे बँका वॉरंट बहुतेक धाकासाठीच काढतात. पण त्या दिवशी बेलिफ खरंच एकाला घेऊन आला. स्कूल व्हॅन चालवणारा चाळिशीतला माणूस, मागून रिक्षाने त्याची बायको, हातात कागदांनी गच्च भरलेली कॅरीबॅग. दाव्याचं समन्स आलं तेव्हा घाबरून कोर्टाकडे फिरकलाच नव्हता, म्हणून बँकेच्या बाजूने पैसे वसुलीचा हुकूमनामा एकतर्फी झालेला, साडेसहा लाख आणि वर व्याज. मी लीगल एडच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या, वकिलांच्या पॅनेलवर आहे, दुसऱ्या मॅटरसाठी तिथेच बसले होते, जजसाहेब म्हणाले, मॅडम, यांना वकील नाहीये, तुम्ही उभ्या राहा.

आणि मग साहेबांनी त्याला समोर बोलावून साध्या मराठीत सांगितलं की तुम्हाला नादार, म्हणजे देणी फेडायला असमर्थ, ठरवून घेण्यासाठी अर्ज करता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५५ मध्ये लिहिलंय हे, पैशाच्या हुकूमनाम्यात अटक करून आणलेल्या माणसाला कोर्टानेच ही माहिती द्यायची. कायद्यात असलेली गोष्ट आहे, पण भर कोर्टात कोणी शांतपणे कर्जदाराला ती समजावून सांगतंय हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्याला पहिल्या झटक्यात काही कळलं नाही. तो नुसता म्हणत होता, साहेब मी चोर नाही.

बँकेच्या वकिलांनी दिवाणी कैद मागितली. मी कलम ५१ दाखवलं आणि सुप्रीम कोर्टाचा १९८० चा जॉली जॉर्ज वर्गीसचा निकाल, ज्यात स्वच्छ म्हटलंय की निव्वळ पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, ऐपत असून देत नाही किंवा मालमत्ता लबाडीने लपवली असं काहीतरी दाखवावं लागतं. इथे लपवायला होतं काय? मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या, लहान वर्ग तर दीड वर्षाहून जास्त काळ बंद, व्हॅन दारात उभी. हप्त्यांना मोरॅटोरियम, म्हणजे तात्पुरती स्थगिती, मिळालं पण व्याज चालूच राहिलं, मग व्हॅनचे हप्ते भरायला पर्सनल लोन, ते भरायला क्रेडिट कार्ड, शेवटी मोबाईलवरची अ‍ॅप. व्हॅन फायनान्सवाल्यांनी ओढून नेली ती नेलीच.

नादारीचा अर्ज एका महिन्यात करीन आणि बोलावलं की हजर राहीन अशी जमानत दिली तर कोर्ट सोडू शकतं. बायकोचा भाऊ सातबारा घेऊन दुपारपर्यंत पोचला आणि हा सुटला.

त्यानंतर बाररूममध्ये आम्ही देण्यांची यादी करायला बसलो आणि माझ्या मते दिवसाचा सगळ्यात अवघड भाग तोच होता. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा कोर्टात अर्ज करायचा तर प्रत्येक देणं, प्रत्येकाचं नाव-पत्ता, असेल नसेल ती मालमत्ता सगळं लिहावं लागतं, मुद्दाम लपवलं तर तो गुन्हा. तो एकेक सांगत गेला आणि त्यातली निम्मी देणी बायकोला त्या टेबलावर पहिल्यांदा कळत होती. ती ओरडली नाही. फक्त गळ्याला हात लावून विचारलं, मॅडम हे पण लिहायचं का? मी म्हटलं ताई, मंगळसूत्राला कोणी हात लावू शकत नाही, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे यांनाही नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येच आहे. हे वसुलीवाले फोनवर कधी सांगत नाहीत आणि लोक बिचारे घरातली भांडी जाणार म्हणून रात्र रात्र जागतात.

यादीत शेवटी पतसंस्था आली आणि जामीनदार म्हणून त्याच्या शाळेपासूनच्या मित्राचं नाव. मला सांगावंच लागलं, की नादारीतून तू सुटलास तरी जामीनदार सुटत नाही, पतसंस्था त्याच्याकडे जाणार. तो उठलाच. म्हणाला मग नको मला, मी आत जातो. मी त्याला परत बसवलं, म्हटलं तू आत गेलास तरी तो सुटत नाही, आणि पतसंस्थेला गुपचूप आधी पैसे देऊन बाकीच्यांना मागे ठेवलंस तर तेही कोर्ट रद्द करू शकतं. शेवटी त्याने तिथूनच मित्राला फोन लावला. तो संध्याकाळी आला, खूप बोलला, जे बोलला ते सगळं बरोबर होतं, आणि मग खुर्ची ओढून कागद बघायला बसला.

मला खरा राग कशाचा येतो तर हा शंभर वर्षांपूर्वीचा कायदा, ज्यात नादार माणसाने न सांगता ५० रुपये उधार घेतले तरी कैद लिहिलीय, तोच आजही वापरावा लागतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी वेगळं प्रकरण आहे, पण कंपन्यांच्या कर्जांचे वैयक्तिक जामीनदार सोडले तर ते लागूच झालेलं नाही. आणि त्यातली फ्रेश स्टार्टची, म्हणजे छोट्या कर्जातून सुटून नव्याने सुरुवात करण्याची, सोय कोणासाठी, तर वर्षाचं उत्पन्न ६० हजारापर्यंत, मालमत्ता २० हजारापर्यंत, कर्ज ३५ हजारापर्यंत. या मर्यादेत कर्जात बुडालेला व्हॅनवाला, टेलर, डिलिव्हरीवाला कुठे बसतो?

अर्ज मुदतीत दाखल झाला, कोर्टाने त्याला नादार ठरवलं, आता कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याच्या मालमत्तेमागे कोणाला लागता येत नाही. मित्राने लोकअदालतीत पतसंस्थेशी तडजोड केली, दंडव्याज माफ, बाकी हप्त्याने, आणि तो निवाडा म्हणजे हुकूमनामाच, त्यावर अपील नाही. हा सध्या एका कंपनीची बस पगारावर चालवतो. डिस्चार्जची, म्हणजे नादारीतून कायमचं सुटण्याची, सुनावणी व्हायची आहे. मालमत्तेतून रुपयामागे निम्मेही वसूल होत नसतील तर परिस्थिती आपल्या हाताबाहेरची होती हे कोर्टाला पटवावं लागतं, म्हणून शाळा कधीपासून कधीपर्यंत बंद होती याचं हेडमास्तरांचं पत्र मी मागवून घेतलंय आणि व्हॅनमध्ये मुलं पाठवणाऱ्या दोन पालकांनी अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं कबूल केलंय.