सिंकमध्ये गेलेली कॉफी

नव्या एस्प्रेसो बारमध्ये शिरताना पहिला वास येतो तो रंगाचा. मग पॉलिशचा, आणि त्यांच्या मागून, जरा बिचकत, कॉफीचा. काही आठवड्यांनी हा क्रम उलटतो, पण सुरुवातीला तिघांची ढकलाढकली चालू असते. खुर्च्यांच्या पायांना अजून प्लास्टिक गुंडाळलेलं असतं, मेनूच्या फळ्यावर एखादी ओळ पुसून पुन्हा लिहिलेली असते आणि दार उघडलं की काउंटरमागची मंडळी गरजेपेक्षा अंमळ जास्तच हसतात. मला अशी दुकानं आवडतात. जम बसलेल्या ठिकाणी सगळं इतकं सफाईनं होतं की काहीच दिसत नाही. नव्या ठिकाणी कपडा उलटा करून शिवण पाहावी तसं सगळं उघडं असतं.

आमच्या घराजवळ उघडलेल्या या बारमध्ये बसायला मोजक्याच जागा आहेत. उरलेली सगळी जागा काउंटरनं खाल्लीय, आणि काउंटरवर ते मशीन. चकचकीत, जाडजूड, वर कप गरम राहावेत म्हणून उपडे मांडून ठेवलेले. एवढं धूड आणि त्यातून निघणार काय, तर दोन-अडीच घोट. कुठल्याही पेयाच्या बाबतीत यंत्र आणि माल यांचं प्रमाण इतकं विषम नसावं.

माझी कॉफी करायला घेतली ती एका पोरसवदा बरिस्तानं. ग्राइंडरमधून पूड दांडीच्या गाळणीत पडली. त्यानं ती वजनकाट्यावर ठेवली, चिमूटभर काढली, पुन्हा ठेवली: १८ ग्रॅम. मग बोटानं सपाट करून, टॅम्परनं, म्हणजे पूड दाबायच्या ठोकळ्यानं, मनगट सरळ ठेवत दाबली, दांडी मशीनला अडकवली, खाली काट्यावर कप ठेवला आणि बटण दाबलं. काही सेकंद काहीच नाही. मग काळपट थेंब, मग तपकिरी धार, आणि बघता बघता ती धार फिकी, पातळ, पाण्यासारखी. त्यानं टायमरकडे पाहिलं, चमच्यानं थोडी चाखली, तोंड वाकडं केलं आणि अख्खा कप सिंकमध्ये ओतला.

‘‘काकू, दोन मिनिटं हं. जरा पळाली, फार भरकन उतरली.’’

ग्राइंडरची कडी त्यानं केसभर फिरवली. थोडी पूड वाया घालवली, कारण आत आधीची जाड पूड अडकलेली असते. दुसरा शॉट, म्हणजे कॉफीचा दुसरा घाणा, लावला. आता उलट तऱ्हा. थेंब थेंब, रडतखडत. तोही सिंकमध्ये. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी घड्याळ बघितलं आणि ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. तिसरा कप माझ्यापुढे आला.

खरं सांगायचं तर त्या ठिकाणाबद्दल माझं मत तिसरा कप चाखायच्या आधीच ठरलं होतं.

एस्प्रेसोचा सगळा खेळ काही सेकंदांचा. नव्वद अंशांच्या आसपासचं पाणी, हवेच्या दाबाच्या नऊपट जोरानं, दाबून बसवलेल्या पुडीतून ढकलायचं. इटलीतलं पारंपरिक माप म्हणजे साधारण ७ ग्रॅम पूड, २५ सेकंद आणि २५ मिलिलिटर कॉफी. आजकालच्या बारमध्ये बहुधा दुहेरी माप चालतं: १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. पाण्यात आधी विरघळतात ती आम्लं, गोडवा मागून येतो आणि कडवटपणा शेवटी. म्हणून पळालेला शॉट आंबट आणि पोकळ लागतो, रेंगाळलेला कडू, जिभेला कोरड पाडणारा. मधल्या अरुंद पट्टीत ती चव सापडते. आणि ही पट्टी एका जागी राहील तर शपथ! बिया भाजल्या की त्यातला कार्बन डायऑक्साइड दिवसेंदिवस निघून जात राहतो, त्यामुळे कालच्या सेटिंगवर आज धार वेगळी पडते. हवेतला दमटपणा वाढला की फरक, ग्राइंडर सलग चालून तापला की फरक. नव्या दुकानात आणखी एक भानगड असते. ग्राइंडरची पाती कोरी करकरीत असतात. कित्येक किलो बिया दळल्यावर ती रुळतात आणि दळण एकसारखं पडू लागतं, असं बरिस्ता मंडळी सांगतात. म्हणजे दुकान उघडल्यावरची सुरुवातीची गिऱ्हाइकं त्या पात्यांचीही उमेदवारी बघत असतात.

गंमत अशी, की यंत्रानं माणसाच्या हातातलं जवळजवळ सगळं काढून घेतलंय. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोनं १८८४ मध्ये वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पण ते एकदम भरपूर कॉफी उकळायचं, कपागणिक नव्हे. गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावर त्याच्यापुरती कॉफी काढणारं यंत्र मिलानच्या लुइजी बेझेरानं आणलं, १९०१ च्या पेटंटचं. देझिदेरिओ पावोनीनं ते विकत घेऊन बाजारात खपवलं. वाफेच्या जोरावर चालायचं ते. दाब जेमतेम दीडपट, आणि वाफेमुळे कॉफी करपट. वर फेस वगैरे काही नाही. तो आला आकिल्ले गाज्जियामुळे. १९३८ मध्ये त्यानं पेटंट घेतलं आणि युद्ध संपल्यावर स्प्रिंग आणि लांब दांडा असलेलं यंत्र बाजारात आणलं. दांडा खाली ओढायचा, स्प्रिंग दाबायची, ती सुटताना पाणी जोरात पुडीतून जायचं. कपावर सोनेरी तपकिरी साय दिसू लागली. लोकांना म्हणे आधी शंकाच आली, हा कसला फेस? तर त्यालाच ‘क्रेमा’ म्हणून मिरवलं गेलं. मालातल्या खोडीला बिरुद बनवायचं व्यापारी डोकं तेव्हाही तेवढंच तल्लख होतं!

पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीनं विजेच्या पंपाचं ‘ई ६१’ काढलं, आणि दांडा ओढून दंड कमावायचं कारण संपलं. त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीत सूर्यग्रहण दिसलं होतं. ‘ई’ हे अक्षर त्या ग्रहणाचं. यंत्राला ग्रहणाचं नाव ठेवायचं म्हणजे धाडसच. पण ते लाभलं. पाणी थेट पंपानं ढकलायची तीच पद्धत आजही बहुतेक बारमध्ये आहे.

दाब यंत्र सांभाळतं. तापमानही तेच. वेळ टायमर सांगतो, वजन काटा सांगतो. एवढं सगळं झाल्यावर शेवटचा निर्णय मात्र हातात चमचा घेतलेल्या एका मुलाच्या जिभेवर येऊन थांबतो: हा कप द्यायचा की ओतायचा?

म्हणून भिंतींवरची चित्रं, टांगते दिवे, बियांच्या जन्मगावाची साग्रसंगीत वर्णनं यांकडे मी फारसं बघत नाही. ‘चेरी, कोको आणि संत्र्याच्या सालीचा आभास’ असं लिहिलेलं असतं. असेलही. माझं लक्ष असतं बरिस्ताच्या फडक्याकडे. दूध फेसाळून झाल्या झाल्या वाफेची नळी पुसली का, आणि पुसल्यावर एकदा वाफ सोडली का? नळीच्या टोकावर दुधाचा पिवळट थर साचलेला दिसला की माझी ऑर्डर आपोआप बिनदुधाची होते. क्रेमावरही मी भाळत नाही. रोबस्टा जातीच्या बियांचं प्रमाण जास्त असलं की ती भरगच्च येते, आणि नुसती चाखून पाहिली तर सगळ्यात कडू तीच असते. चमच्यानं ढवळून टाकावी. ढवळताना बघणारे हळहळतात, त्याला इलाज नाही.

दुधाचं म्हणाल तर दुधात बरंच खपून जातं. पळालेला शॉट लाट्टेत बुडवला तर दहातल्या नऊ जणांना कळणार नाही. वर दुधाचं पान काढलेलं असलं तर दहावाही फोटो काढण्यात गुंग. मला लाट्टे पिणाऱ्यांविषयी आकस नाही. नवं दुकान तगतं ते त्यांच्याच जिवावर. पण निव्वळ एस्प्रेसो मागितला की दुकानाला लपायला जागा उरत नाही.

तिसरा कप कसा होता? बरा होता. अप्रतिम वगैरे नाही. थोडा अजून आंबटाकडे कललेला, पण अंगात भरलेला, आणि गिळल्यावर मागे रेंगाळणारा. उभ्यानंच प्यायले. इटलीतल्या बारमध्येही बहुतेक लोक काउंटरपाशी उभ्यानंच पितात आणि टेबल धरून बसलं तर बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात. इतकी थोडी कॉफी निवायला कितीसा वेळ लागणार? बसून, फोन बघून, मग उचलली तर ती गेलीच म्हणून समजा.

मागच्या बाई आता माझ्या शेजारी आल्या होत्या. ‘‘एका कपाला एवढा वेळ?’’ त्यांनी मला विचारलं, जणू दुकान माझंच.

‘‘पंचवीस सेकंद,’’ बरिस्ता मान वर न करता म्हणाला.

गर्दी ओसरल्यावर मालकीणबाई पुढे आल्या. सिंककडे बोट दाखवून मी विचारलं, ‘‘हे असं रोज जातं, त्याचा हिशेब?’’ त्यांनी काउंटरखालून एक वही काढली. तारीख, बियांचा भाजल्याचा दिवस, ग्राइंडरचा आकडा, सेकंद आणि शेवटच्या रकान्यात एकेक शब्द: आंबट, पोकळ, करपट, बरा, बरा, कडू. बिया मागवतानाच ओतायची कॉफी धरून मागवतो, त्या म्हणाल्या. सकाळचे सुरुवातीचे शॉट तर कुणाला द्यायचेच नाहीत, आपसांत चाखायचे, असा नियम आहे.

‘‘त्यानं रात्री झोप लागत नाही याला,’’ त्यांनी बरिस्ताकडे पाहून सांगितलं.

चहा-वाइन चाखणारे लोक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात, ते आठवून मी त्याला म्हटलं, ‘‘मग गिळतोस कशाला? थुंकावी की.’’

‘‘काकू,’’ तो म्हणाला, ‘‘समोर गिऱ्हाईक असतं ना.’’